शुद्धलेखन, इयत्ता चौथी

जरीमरीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
वाक्य कुठं तोडायचं हे मी ठरवत नाही.
घाटकोपरच्या बाजूनं ते येतं,
पोटावरचे खिळे मोजावेत इतकं खाली,
चाकं बाहेर काढून.
क्रियापद घशात धरून
मी खडूसकट उभी राहते.
मुलंही पेन्सिली वर करून थांबतात.
गजांची थरथर संपली
की पुढचा शब्द.

भिंतीपलीकडं रांग असते, उडायला निघालेल्यांची,
इंजिनं चालू ठेवून.
तो वास मुलांना विमानाचा म्हणून ठाऊक.
मला मात्र आईचा पितळी स्टोव्ह आठवतो,
पिन मारली की भडकणारा.
"रॉकेल म्हणजे काय, बाई?"
उमैर विचारतो,
आणि उत्तराआधी तीनदा शिंकतो.

फळ्याखाली साचते ती पांढरी धूळ माझी.
खिडकीच्या कट्ट्यावरची काळी कुणाची?
शिपाई धोंडूमामा सकाळी पुसून जातात,
मधल्या सुट्टीपर्यंत
तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं.
मुलं लिहितात. उमैर. सुकेशनी. देवव्रत.
(देवव्रतचं वळण चांगलं आहे.
वहीत नाही, तिथं.)

हजेरीपटात कारणाला रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं नुसता ख लिहिते.
डिसेंबरात समास पुरत नाही.
ख ख ख, खालच्या ओळीत पुन्हा ख.
मोठ्यानं वाचायला गेलं
तर पानच खोकतं.

मागच्या हिवाळ्यात दोघंजण
गच्चीवर एक पांढरा डबा बसवून गेले, हवा मोजायला.
आठ दिवस त्यानं आमच्याबरोबर श्वास घेतला.
नवव्या दिवशी गोधडीत गुंडाळून
जपून खाली उतरवला.
आणखी ठेवला तर बिघडेल, म्हणाले.

सुकेशनीचा निळा पंप माझ्या कपाटात असतो,
खडूंच्या खोक्याशेजारी.
तिची आई रात्रपाळीला विमानांच्या आतल्या सीटा पुसते.
पालकसभेला आली तेव्हा डोळे तांबारलेले.
"आतली हवा लई छान असती, बाई,
थंड, वास येत नाही कसला."
हे सांगताना तिनं पदर नाकाला लावला होता,
सवयीनं.

मी एकदाच बसलेय. भाचीचं लग्न, नागपूर.
निघताना त्या मुलीनं हात लांब करून दाखवलं:
वरून मास्क खाली येईल,
आधी स्वतःला लावा, मग मुलाला.
उतरताना खिडकी माझ्या बाजूला होती.
निळी ताडपत्री, निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या,
एक गच्ची. आमचीच असावी.
नीट बघेपर्यंत मागं गेली.
सोमवार होता, अकरा वाजलेले.
खाली माझ्या वर्गावर गेलेल्या गवारे बाई
माझ्यासाठी थांबल्या असतील,
घशात एक क्रियापद धरून.

परवा शुद्धलेखन घेत होते.
सकाळची शुद्ध हवा आरोग्यास हितकारक असते.
"सकाळची शुद्ध" एवढं म्हटलं
आणि एकामागून एक तीन आली.
मग घंटा झाली.

रात्री वह्या तपासल्या.
बहुतेकांनी तिथंच सोडलेलं,
दोन शब्द आणि पुढं कोरी ओळ.
उमैरनं कोऱ्या जागेत विमान काढलेलं, पंख्यासकट.
सुकेशनीनं वाक्य पुरं केलं होतं:

सकाळची शुद्ध हरपली.

मी लाल पेन उघडून बसले.
उकार ऱ्हस्व. जोडाक्षर नीट.
पूर्णविरामही जागेवर.
मी सांगितलेलं वाक्य ते नव्हतं, हे खरं,
पण मी तरी कुठं पुरतं सांगितलं होतं.

दहापैकी दहा दिले.
पुठ्ठ्यावरची काजळी अंगठ्याला लागलेली,
ती आकड्याखाली उमटली,
सही करता न येणाऱ्यांची उमटते तशी.